वाऱ्याची रेषा, उन्हाची रेषा

सकाळी घरच्या थोरल्या सुनेने नेहमीसारखा चहा टाकला, दिराचा डबा भरला आणि त्याच्या भाषणाचे कागद क्रमाने लावून दिले. वारा आणि ऊन यांच्यापासून होणाऱ्या विजेची बारा वर्षांची तुलना त्यात होती. दोघंही एकाच वीज कंपनीत कामाला. आकडे तिने गोळा केले, आलेख तिने काढला. वाचणार मात्र तो. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी आज सौरकेंद्र सुरू व्हायचं होतं, आणि शुभ कामात विधवेने पुढे येऊ नये, असं घरचं शास्त्र होतं. नवरा पवनचक्कीवरून पडून गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात काहीही नवं सुरू झालं की तिने मागच्या खोलीत जायचं. पहिल्या खेपेला ती रडली होती. आता तिला काहीच वाटत नसे, आणि याचंच आपल्याला वाईट वाटायला हवं.

मांडवात सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, ही अगदी शेवटी. दिराने घडाघडा वाचलं. पवनचक्की उभारायची तर अजस्र क्रेन हवी, रस्ता हवा, दोन वर्षं हवीत. सोलर पॅनेल दोन महिन्यांत बसतात. म्हणून मागून आलेलं ऊन वाऱ्याच्या पुढे गेलं. टाळ्या झाल्या. मग मोठ्या साहेबांनी आलेखाकडे बोट दाखवून विचारलं, सहा वर्षांपूर्वी वाऱ्याची रेषा एकदम खाली का घसरली? दीर हातातले कागद उलटेपालटे करू लागला.

थोरली जागेवरूनच म्हणाली, "त्या वर्षी एक माणूस पडला. तपासणीसाठी आठ महिने सगळ्या चक्क्या बंद होत्या."

आलेख कोणाचा, हे साहेबांना तेवढ्यावरून कळलं. केंद्राची कळ तिनेच दाबावी, असं ते म्हणाले. ती पुढे आली, तशी सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मागे जा. शुभ काम आहे. काही वाईट व्हायला नको."

तिचा आवाज चढला नाही, डोळेही भरले नाहीत.

"ते कामावर निघाले त्या सकाळी दारात मीच उभी होते, आई. तेव्हा तर मी शुभ होते ना?"

मनगट सुटलं. तिने कळ दाबली. तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कोणाकडे असेल, तर त्याने ते तिच्या तोंडावर सांगून यावं.