घड्याळानंतरच्या गाठी

हे मी लिहून ठेवणारच नव्हतो. आमच्या ओरोकोविस गावात कुणाबद्दल चार बरे शब्द लिहिले की लोक लगेच विचारतात, काय रे, किती पास्तेल मिळाली त्याची? एकही मिळालं नाही. तरी लिहितोय.

तर आन्सेल्मो. त्याच्या आईच्या गॅरेजात त्याचा पास्तेलचा कारखाना. आईच्या वेळी कारखाना वगैरे काही नव्हतं. डिसेंबर लागला की गल्लीतल्या बायका जमायच्या, हिरवी केळी किसायच्या, आत डुकराच्या मटणाचं सारण भरायचं, केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने दोन-दोनची जोडी बांधायची, आणि ज्याची त्याची टोपली भरून घरी. आई गेली आणि आन्सेल्मोने त्याचा धंदा केला. परवाना काढला, माणसं ठेवली, माल थेट राजधानीत, सान हुआनच्या दुकानांत. आणि दाराशी कार्ड पंच करायचं घड्याळ.

त्या घड्याळाचा त्याला असा अभिमान, जसं काही स्वतःच घडवलंय. कायदा तो कॉलेजात नाही शिकला. फोनवर वाचून, कामगार खात्यातल्या लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांचं डोकं खाऊन शिकला. पंच केल्याशिवाय किसणीला हात लावायचा नाही. पातेल्याकडे लक्ष ठेवत जेवलात तर ती सुट्टी नाही, ते काम. वेळ जादा झाला तर दर जादा. "आपल्याकडे कुणाचं मिनिट बुडत नाही," हे तो केळीवाल्यालासुद्धा ऐकवायचा. यामिल, शाळेपासूनचा दोस्त आणि आता त्याच्याच हाताखाली, तो त्याला मंत्रीसाहेब म्हणायचा.

त्या नाताळला ऑर्डर दणकून आली. आन्सेल्मो रोज संध्याकाळी व्हॅन घेऊन माल पोचवायला जायचा. एके दिवशी दुकानदाराने पटकन माल उतरवून घेतला आणि हा लवकर परतला. गॅरेजचं दार बंद. पण मागच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज. जाऊन बघतो तर यामिल, कामावरची नेरेइदा आणि समोरच्या घरातली दोन्या प्रोवी, पुढ्यात पानांचा ढीग, हात चालू, तोंडंही चालू. दोन्या म्हणजे बाईसाहेब; ही प्रोवी त्याची माद्रिना, बाप्तिस्म्याची धर्ममाय. ती कामाला नव्हतीच, पण सारण तिने चाखल्याशिवाय या घरात पातेलं कधी चढलेलं नाही.

"तुमचं सुटल्याचं पंच झालंय ना?"

"झालंय की," यामिल म्हणाला. "म्हणून तर बाहेर बसलोय. आत काम, बाहेर मदत."

"कधीपासून चाललंय हे?"

"अगं बाई, चोर पकडल्यासारखा काय विचारतोस!" नेरेइदा हसली. "डिसेंबर लागल्यापासून. तू वळणापलीकडे गेलास की आम्ही बसतो. सकाळी खूश व्हायचास ना, काल माल किती निघाला म्हणून?"

 आन्सेल्मो खूश व्हायचा, खरंच. एकदाही विचारलं नव्हतं, एवढा माल निघतो कसा.

"खाली ठेवा सगळं. जेवढा वेळ बसलात तेवढा कार्डावर चढणार."

"अरे, प्रेमाने करतोय आम्ही!"

"प्रेमाने करा नाहीतर शिव्या देत करा, काम ते काम. माल माझ्या नावाने विकला जातो."

"आणि माझं काय?" दोन्या प्रोवीने विचारलं.

"तुमचेही तास लागतील, माद्रिना."

ती उठली. मांडीवरची पानं झटकली. "बाप्तिस्म्याला तुला मी धरून उभी होते. तूही रडत होतास, मीही. त्याचा काय दर लावतोस?" आणि रस्ता ओलांडून गेली.

"झालं समाधान?" यामिल म्हणाला. "तिच्याशिवाय आपलं पास्तेल म्हणजे नुसतं उकडलेलं केळं."

आन्सेल्मो तिच्या मागे गेला. ती बाल्कनीत बसली होती, रेडिओ लावून. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझ्या आईने मला कधी पैसे दिले नाहीत," ती म्हणाली. "मी मागितले नाहीत. आता म्हातारपणी मजूर करतोस मला?"

"आईचं पातेलं सगळ्यांचं होतं, माद्रिना. तुम्ही तुमची टोपली घेऊन जायचात. आता पातेलं माझं आहे. तुम्ही गाठ मारता आणि फायदा माझ्या खिशात येतो. तसल्या मदतीला मी मदत कशी म्हणू?"

तिने रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बघितलं. मग म्हणाली, "शिलाई कारखान्यात होते मी, पोरवयात. भोंगा झाला की मुकादम म्हणायचा, पोरींनो, एवढं डझन संपवा, आपण एक कुटुंब आहोत. आम्ही आनंदाने संपवायचो." रेडिओचा आवाज तिने कमी केला. "गोड बोलायचा रे मेला. तुझ्यासारखाच."

"म्हणूनच म्हणतो..."

"कळलं. आणि मी त्या दोघांवर ओरडते, त्याचे पैसे?"

"ओरडणं म्हणजे देखरेख. त्याचेही लागतील."

"मग तू बुडालास," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

माद्रिनाला घेऊन तो ओट्यावर परतला आणि तिथे वेगळाच बाजार. आन्सेल्मो तास विचारतोय आणि दोघंही कमी सांगतायत. नेरेइदा म्हणे, जेमतेम अर्धा तास, तोही गप्पांतच. यामिल म्हणे, मी तर नुसता दोरा धरून बसायचो. मालक वर चढवतोय, कामगार खाली ओढतायत, असा सौदा मी तरी कुठे पाहिला नाही.

"खोटारडे!" दोन्या प्रोवी मध्ये पडली. "रेडिओवर जपमाळेची प्रार्थना सुरू व्हायची तेव्हा बसलेले असायचे. जपमाळ संपून बातम्या, बातम्या संपून गाणी, तरी हलत नव्हते. मी इथे नसायचे तेव्हा माझ्या बाल्कनीत असायचे. मला सगळं दिसतं."

यामिलने कपाळावर हात मारला. "दोन्या प्रोवी, तुम्ही आमच्या बाजूने आहात की मंत्र्याच्या?"

"मूर्खा, तुझ्याच बाजूने!"

सगळं कार्डांवर चढलं, जादा दरासकट. त्या वर्षी आन्सेल्मोला नवी व्हॅन घेता आली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्या प्रोवी रांगेत पहिली उभी होती, केस विंचरून, कानात मोठे डूल घालून, आणि कार्ड आत सरकवताना अशा ताठ मानेने बघत होती की नेरेइदाने फोटोच काढला. घड्याळ खट्‌कन वाजलं. आन्सेल्मो पातेल्याआड तोंड लपवून डोळे पुसत होता, कांद्याचं निमित्त करून. कांदा अजून चिरलाच नव्हता.

ऑर्डर पुरी झाली. शेवटची खोकी व्हॅनमध्ये चढवताना यामिल म्हणाला, "एक विचारू? आता तुला फुकट मदत करणं म्हणजे गुन्हाच. मग दोस्ती कुठे करायची?"

"कुठे म्हणजे?"

"नाताळानंतर तीन राजांच्या सणाला माझी आई घरी पास्तेल करते. घरच्यांसाठी. विकायला नाही. हात कमी पडतात."

आन्सेल्मोने खोकं खाली ठेवलं. "मी येतो. केळी सगळी मी किसतो. बोटं काळी होईपर्यंत."

"वचन?"

"वचन. आणि तुझी आई उठ म्हणेपर्यंत उठणार नाही."