डोणगावावरून जायची वेळ

नागपूर-मुंबई विमान रोज सकाळी आमच्या डोणगावावरून जातं आणि त्या वेळी मी आरसा धरून सोजराबाईंच्या वावरात उभा असतो. गाव म्हणतं, गुरुजींचं डोकं फिरलं. म्हणू दे. त्या घरघरीत मला कुणाचा आवाज येतो, ते गावाला काय ठाऊक!

सोजराबाईंचा निवृत्ती माझाच विद्यार्थी. त्रेसष्ट साली त्याच्या कारखान्यानं त्याला शिकायला जर्मनीला पाठवलं. निघण्याआधी त्याचं पत्र आलं. बाईंना वाचता येत नाही, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. 'माय, हे सकाळचं विमान नव्यानंच सुरू होतंय, पहिल्या दिवशी मी त्यात आहे. दहाला सुटतं, ताशी तीनशे मैल जातं. आपल्यावरून कधी जाईल ते गुरुजींना काढायला सांग. वावरात उन्हाकडे आरसा धर. चमक दिसली की समजेन, माय निरोप द्यायला आली.'

गणिताचा मला भारी तोरा. एसटीच्या रस्त्यावरचे मैलाचे दगड तोंडपाठ. नागपूर ते डोणगाव दोनशे मैल, म्हणजे चाळीस मिनिटं. "दहा पस्तीसला शाळेची घंटा देतो, मग वावरात जा," मी बाईंना सांगितलं. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं. सगळं गावच माझ्या घंटेवर चालायचं.

दहा तेहतीसला विमान डोक्यावरून गेलं. मी घंटेखाली हातोडा धरून उभा. अमरावती-कारंज्याचे वळसे आभाळात कुठून येणार? विमान सरळ येतं, हे पाचवीच्या पोरालाही सुचलं असतं. बाईंनी घरघर ऐकली, पण घंटा झाली नव्हती, म्हणून दुसरंच कुठलं विमान असेल असं समजून त्या ओसरीवर बसून राहिल्या. मग मी घंटा दिली. हो, तरीही दिली. बाई दुपारपर्यंत आरसा धरून उभ्या होत्या. "फार उंचावरून गेलं, आवाज खाली पोचला नाही. त्याला चमक दिसली असणार," मी बेधडक ठोकून दिलं.

महिन्यानं पत्र आलं. 'माय, मी सारखा खाली पाहत होतो. तू काऊन नाही आली? एवढ्या दूर चाललो म्हणून रागावली का?' मी वाचलं, "माय, तुझी चमक दिसली." बाईंनी हरखून उत्तर सांगितलं. ते त्याला लिहू तरी कसं? 'सगळे खुशाल' एवढंच लिहून टाकलं. त्याच हिवाळ्यात निवृत्ती तिकडे न्यूमोनियानं गेला. तेव्हापासून विमान आलं की तो माझ्या कानाशी विचारतो, "माय काऊन नाही आली?" मी आरसा हलवतो. तो पुन्हा विचारतो. मला फार भीती वाटते.

काल विमान गेलं आणि मागून सोजराबाई आल्या.

"गुरुजी, हे विमान रोज याच वक्ताले जाते. त्या दिशी घंटेच्या अगुदर आवाज आल्ता, थोच होता ना?"

मी सगळं सांगून टाकलं. दगड, घंटा, दोन्ही पत्रं. बाईंनी एवढंच विचारलं,

"मंग माय रागावली नाई, इतकं तरी त्याले लिवलं ना?"

"नाही, बाई."

आता शिव्या देतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या आभाळाकडे तोंड करून त्या ओरडल्या, "नाई रे राजा! माय नव्हती रागावली!"

आवाज बसेपर्यंत त्या तेच ओरडत राहिल्या.