डाव्या पायाचं रबर

लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यात बायकोनं त्याच्या कामाला नावं ठेवली नाहीत असे प्रसंग मोजून दोन. एकदा त्यानं कुकरचं रबर घरी बनवलं तेव्हा ती माहेरी होती, आणि एकदा तिचा घसा बसला होता. बाकी प्रत्येक वस्तूत तिनं खोट काढली, आणि खोट असायचीच, ही खरी पंचाईत.

पंपदुरुस्तीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर रबराचे वॉशर ओतले होते. गल्लीत त्याला ‘वॉशर’च म्हणायचे. बायको मात्र ‘कारागीर’ म्हणायची, आणि म्हणताना भुवई अशी उचलायची की त्यापेक्षा वॉशर परवडला. तापलेले साचे हाताळून त्याच्या अंगठ्यांना असे घट्टे पडले होते की काही टोचलं तर रक्त आल्यावरच कळायचं. म्हणून घरी केलेली वस्तू गुळगुळीत झाली की नाही, हे तो स्वतः चाचपून बघायच्या भानगडीत पडत नसे. बायकोच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, “टोचतंय का?”

“इथं टोचतंय. इथंही. आणि इथं तर कारागिरांनी करवतच ठेवलीय.”

तो मुकाट्यानं घासून आणायचा. संसार असा घासूनपुसून चालला होता.

ती लाँड्रीत इस्त्रीला होती. आठ तास उभ्यानं. सहा वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली तेव्हा तोच म्हणाला होता, “एवढ्या तिखट बाईच्या अंगात शिरायची साखरेची छाती झाली कशी?” तेव्हा दोघं हसले होते. आता मात्र दुपारनंतर तिला टेबलाला रेलावं लागायचं, आणि लाँड्रीच्या मालकिणीचे डोळे इस्त्रीपेक्षा गरम.

“महिनाभर बघते म्हणाली. उभं राहवत नसेल तर घरी बसा, म्हणे. घरी बसा! मी?”

बसणं हे तिच्या लेखी आजाऱ्यांचं नाहीतर पाहुण्यांचं काम. दोन्ही जमातींबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

“मी करतो ना काहीतरी,” तो म्हणाला. “पायाचा साचा घेऊन त्यावर रबर ओतायचं. बुटाच्या आत घालायला. सगळ्या तळव्याला टेकू मिळेल.”

“तुमच्या हातचं? म्हणजे आता लंगडत का होईना चालते, तेही जाईल.”

पण रविवारी ती पदर खोचून, पाय धुऊन तयार होती. त्यानं पत्र्याच्या दोन ट्रेमध्ये ओली माती थापून ठेवली होती. शेजारच्या घरातून त्याची थोरली बहीण तमाशा बघायला येऊन बसली.

“काय रे, बायकोला मातीत पुरतोस की काय?”

“पुरूनही गप्प बसणार नाही, ताई.”

“वन्सं, तुमचेच भाऊ,” बायको म्हणाली आणि उजवा पाय मातीत ठेवताच किंचाळली, “अगं आई गं! बर्फात कालवलीय की काय माती?”

मग तिनं डावा पाय दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवला. त्यावर काहीच बोलली नाही. माती एकाच बादलीतली, पाणी एकाच नळाचं. ज्याला बायकोच्या टोमण्यांची यादी तारीखवार पाठ होती, त्याच्या नजरेतून हा न मारलेला टोमणा तेवढा निसटला.

ठशांत प्लास्टर ओतून दोन पांढरे पाय तयार झाले. ते तळवे वर करून त्यानं ठेवले, भोवती पुठ्ठ्याची भिंत उभी केली, आणि कारखान्यातून शिल्लक राहिलेलं दोन डब्यांचं रबर कालवून वर ओतलं. दिवसभरानं रबर धरलं. कडा कापून, बुटात बसवून त्यानं ते तिच्यापुढं ठेवलं आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा राहिला.

ती दारापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

“टोचतंय का?”

“उजवं टाचेला रुततंय. कड घासा. इथं पण जरा उंच झालंय.”

“आणि डावं?”

ती थांबली. डाव्या पायावर भार देऊन पाहिला. “डावं… लोणी आहे हो. काही म्हणता काही टोचत नाही. त्याला हात लावू नका. एकतीस वर्षांत तेवढं एक जमलंय तुम्हाला.”

त्यानं उजवं तीनदा घासलं. डाव्याला हात लावला नाही. बहिणीकडे जाऊन बातमी सांगितली, तर ती म्हणाली, “तारीख लिहून ठेव बाबा. परत कधी म्हणेल भरवसा नाही.” आणि त्यानं खरंच, डाव्या पायाच्या प्लास्टरवर पेन्सिलीनं तारीख टाकली.

अकरा दिवस ती ताठ उभी राहिली. मालकिणीनं इस्त्रीच्या घड्या चांगल्या पडताहेत असं सांगितलं, म्हणजे तिच्या पद्धतीनं नोकरी शाबूत असल्याचं कळवलं. बाराव्या दिवशी संध्याकाळी बायको पाय धुऊन मोरीतून स्वयंपाकघरात गेली, आणि त्यानं फरशीवर ओल्या पावलांची रांग पाहिली. उजवं पाऊल पाण्याचं. डाव्या प्रत्येक पावलात अंगठ्याच्या बुडाशी एक लाल टिकली.

“अगं, पायाला काय लागलंय?”

“कुठं काय?” ती वळून म्हणाली. खाली पाहिलं, पाय उचलून पाहिला आणि तळव्यातल्या खड्ड्याकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. बारीक तार टेकवीन, लागलं की ‘हो’ म्हणा. उजव्या पायाला ती म्हणाली, “हो. हो. अहो, गुदगुल्या होतात.” डाव्या पायाला बाईंनी चार ठिकाणी तार टेकवली. ती गप्प. बाईंनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. तेव्हा, काहीतरी म्हणायला हवं म्हणून, ती म्हणाली, “हो.”

जन्मात कशालाही चटकन ‘हो’ न म्हणणारी बाई. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जखम भरायची वाट पाहिली, ती भरली नाही. आधी अंगठा गेला, मग उरलेली चार बोटं. तिला दवाखान्यात सोडून घरी आल्यावर त्यानं ते डावं रबर हातात घेतलं. अंगठा फिरवला, काही नाही. मग गालावरून फिरवलं. तिथं होता, गव्हाच्या दाण्याएवढा, टणक. प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला होता, त्याच्या भोकात रबर उतरलं होतं. भोकाशेजारी पेन्सिलीची तारीख.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं. तो दाणा, ते भोक, गालाचं.

“मीच म्हटलं ना लोणी आहे म्हणून,” ती छताकडे बघत म्हणाली.

“तुला कळलंच नाही?”

“काही दुखत नव्हतं. मला वाटलं, रबर चांगलं झालंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “किती दिवसांनी पाय दुखत नव्हता हो. मी खूश होते.”

लाँड्रीतली तिची जागा भरली गेली. मालकिणीनं फळं पाठवली आणि निरोप, की आता आराम करा. ती दोन महिने बसली. पाहुण्यासारखी आणि आजाऱ्यासारखी. बहीण रोज यायची, थट्टा करायला तोंड उघडायची, आणि भलतंच काहीतरी बोलून जायची.

मग एका सकाळी ती म्हणाली, “बुटाचं पुढचं तोंड रिकामं राहतं. पाऊल आत सरकतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरून घ्या.”

“त्यांच्या माणसाकडून करून घेऊ.”

“का? घरात कारागीर आहे ना.”

भुवई वर गेली नाही. त्याला ती गेलेली चालली असती.

त्यानं साचा केला. प्लास्टर तीनदा गाळून घेतलं, ट्रे ठोकून ठोकून बुडबुडे काढले. रबर धरल्यावर घासलं, धुतलं, आणि दाराची कडी लावून गालावरून फिरवलं. डाव्या गालावरून, उजव्या गालावरून, शेवटी पापणीवरून. पापणीलाही काही लागलं नाही.

ती भिंत धरून उभी राहिली. दारापासून खिडकीपर्यंत गेली. खिडकीशी थांबली. तो नुसता तिच्या बुटाकडे बघत राहिला.

“विचारा की,” ती पाठमोरीच म्हणाली.

“टोचतंय का?”

तिनं डाव्या पायावर भार देऊन पाहिला.

“टोचतंय,” ती म्हणाली. “डावीकडे, करंगळीच्या बाजूला. काय हे तुमचं काम! जा, घासून आणा.”

त्यानं खाली बसून तिच्या पायातला बूट काढला, रबर हातात घेतलं, आणि अंगणात पायरीवर बसून जेवायची वेळ होईपर्यंत घासत राहिला.