डोळ्यांतल्या पाण्याचे परिपत्रक

नळाने घसा खाकरला, दोनदा फुसकारला आणि घागरीच्या तळाशी पहिला थेंब टणकन वाजला.

"आलास का मेल्या," मीना पुटपुटली, पण पेन काही तिने खाली ठेवलं नाही. इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत नळाला पाणी यायच्या आधीचा वेळ तेवढा तिचा स्वतःचा होता. नवरा दीपक दुसरी पाळी करून आलेला, गाढ झोपेत. सहा वर्षांची रोशनी त्याच्या पोटावर पाय टाकून. तेवढ्यात मीना ओट्याला टेकून लिहून घ्यायची. आणि लिहायची काय, तर परिपत्रकं.

द्वारका चौकाजवळच्या अक्काबाई ट्रेडिंग कंपनीत ती टायपिस्ट होती. कंपनी लासलगावच्या लिलावात कांदा घ्यायची आणि परदेशी धाडायची. मालक वाल्मीकशेठ यांनी कंपनीला आईचं नाव दिलं होतं, आणि चिकटपणाही आईचाच घेतला होता. कोरा कागद फक्त परक्यांसाठी. ऑफिसातलं आतलं सगळं काम पाठकोऱ्यावर, म्हणजे एका बाजूने वाया गेलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर. तारीख चुकली, नाव चुकलं की मीनाचं लेटरहेड पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात जायचं. त्यातली दोन-चार ती घरी आणायची आणि कंपनीच्या शिक्क्याखाली, शेठच्या नावाने, आपले हुकूम काढायची.

एक हुकूम पंख्याबद्दल होता. 'कार्यालयातील एकमेव पंख्याची मान मालकांच्या दिशेने अडकली आहे. हे दुखणे त्यास नोकरीतच जडले असल्याने औषधपाण्याचा खर्च कंपनी करणार नाही.' दुसरा चहाबद्दल : 'दुपारी चार वाजता देण्यात येणाऱ्या पेयास चहा म्हणावे किंवा कसे, याबाबत चौकशी सुरू आहे. तोवर त्यास गरम पाणी समजून प्यावे, म्हणजे निराशा होणार नाही.'

आजचा विषय मात्र कालच घडला होता. शाळा साडेपाचला सुटली की रोशनीला शेजारच्या रंगूबाई घरी आणायच्या. त्या आता भातलावणीसाठी लेकाकडे, पेठला निघाल्या होत्या, त्या थेट दिवाळीला परतायच्या. दीपकची पाळी दुपारी सुरू व्हायची. म्हणून मीनाने अर्ज दिला होता : साडेसहाऐवजी पाचला सोडावं, सकाळी लवकर येऊन भरून काढीन. शेठने अर्ज न वाचताच पाण्याच्या तांब्याखाली ठेवला आणि म्हणाले, "बघू." सोमवारी रंगूबाई जाणार आणि हा माणूस म्हणतो, बघू. मीनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टेबलावर नमुन्याचे कांदे चिरून ठेवलेले होते, त्यांच्याकडे तिने बोट दाखवलं. शेठ म्हणाले, "कांदा चिरताना रडावं माणसानं. टाइप करताना रडलं की अक्षरं चुकतात, कागद वाया जातो."

घागर भरली, परिपत्रकही पुरं झालं. रोशनीच्या वेण्या घालता घालता मीनाने ते तिला वाचून दाखवलं.

'विषय : कार्यालयीन वेळेत डोळ्यांत येणाऱ्या पाण्याबाबत. एक. कांद्यामुळे आलेले पाणी हे कंपनीचे पाणी समजण्यात येईल. ते पुसण्यास कंपनीचे फडके मिळेल. दोन. घरच्या कारणाने येणारे पाणी घरूनच आटपून यावे. न जमल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.'

"आई, केस ओढले," रोशनी कळवळली.

"बघू डोळे. हे कांद्याचं की घरचं?"

"घरचं."

"मग परवानगी घेतलीस?"

रोशनी रडता रडता खुदकन हसली. मीनाने तिच्या वेणीला रिबन बांधली, कागद डब्याच्या पिशवीत सारला आणि धावत बस गाठली. जेवणाच्या सुट्टीत देवरामला वाचून दाखवायचा तिचा बेत होता. देवराम म्हणजे ऑफिसचा शिपाई. मनातल्या मनात हसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

पण टेबलावर पिशवी मोकळी करते न करते तोच फोन वाजला. शेठ घरून बोलत होते. "लासलगावचा लिलाव सुरू होतोय. हिरामणला भाव कळव, घे लिहून." रोज सकाळी असंच चाले. शेठ भाव सांगत, मीना लिही, देवराम फॅक्स करी आणि लासलगावच्या यार्डात कंपनीचा माणूस हिरामण त्या भावापर्यंत बोली लावी. मीनाने हाताला लागला तो पाठकोरा उलटा केला, त्यावर भाव खरडला आणि देवरामच्या हाती दिला.

आता, कागदाला दोन बाजू असतात हे देवरामला मान्य होतं. पण ज्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं ती पुढची आणि दुसरी पाठ, हा त्याचा नोकरीभरचा धर्म. रोजच्या पाठकोऱ्याच्या वाया गेलेल्या बाजूवर काट मारलेली असायची; या कागदावर ती नव्हती. त्याने धर्म पाळला. यंत्राने कुंई केलं आणि कागद गिळून बाहेर टाकला. तो उचलताना मीनाला त्यावर आपलंच परिपत्रक दिसलं.

"देवरामभाऊ, कुठली बाजू घातलीत?"

"शिक्क्याची. का?"

ती लासलगावचा नंबर फिरवत राहिली. फोन आपला गुंतलेलाच. एवढ्यात शेठ आले, बसले, मान अडकलेल्या पंख्याचं वारं खाऊ लागले आणि फोन वाजला. हिरामणला यार्डातल्या गोंगाटावर आवाज चढवायची सवय. त्याचं बोलणं दारापर्यंत ऐकू येई.

"शेठ, कागद आला. वाचला सगळ्यांम्होरं. पण भाव नाय सापडला त्यात."

"सगळ्यांपुढे कशाला वाचलास?"

"आता तुमचाच नेम हाय ना, हेड ऑफिसचा हुकूम चार माणसांत वाचायचा. उद्या कुणी म्हणायला नको, मला म्हाईत नव्हतं."

शेठने आधी भाव सांगितला. धंदा आधी, मग धक्का. मग म्हणाले, "काय वाचलंस ते वाच बघू."

हिरामणने खणखणीत आवाजात वाचलं. कांद्याचं पाणी झालं, घरचं झालं. "तीन. एका डोळ्यात कांद्याचे व दुसऱ्यात घरचे पाणी आढळल्यास अर्धी रजा मांडण्यात येईल. चार. हसताना पाणी आल्यास लेखी कारण द्यावे. मालकांना हसत असल्यास देऊ नये. आज्ञेवरून, वाल्मीकशेठ."

शेठने रिसीव्हरवर हात ठेवला आणि मीनाकडे पाहिलं. मीनाने टाइपरायटरकडे पाहिलं. नोकरी गेली, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की अर्जाचा प्रश्न आपोआप सुटला, असाही एक चावट विचार मनात येऊन गेला. पाचलाच काय, आता सकाळपासूनच घरी.

"शेठ, हाय का?" हिरामण ओरडत होता. "पुतळाबाई इचारती, तिला सासूपायी रडू येतं. पण सासू कांदे निवडायला तिच्याच शेजारी बसती. तर ते कंपनीचं धरायचं का घरचं?"

शेठने रिसीव्हरवरचा हात आणखी घट्ट दाबला.

"आन् व्यापारी लोक कागद मागतेत, शेठ. लय हसले. म्हणे, वाल्मीकशेठ एवढा गमत्या माणूस असंल, वाटलं नव्हतं कधी. आम्ही तर त्याला वाळका कांदा समजत होतो."

शेठच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आजवर यार्डात लोक त्यांना हसले होते ते त्यांच्या पाठीमागे. त्यांनी रिसीव्हरवरचा हात हळूच काढला.

"हं," ते म्हणाले. "सुचलं आपलं सकाळी. अंघोळ करताना."

देवरामला एकदम खोकला आला.  नोकरी जाताना वाटली नव्हती इतकी चीड मीनाला त्या अंघोळीची आली.

"आणि पुतळाबाईला सांग," शेठ आता रंगात आले होते, "सांग की..." त्यांना काही सुचेना. त्यांनी मीनाकडे पाहिलं. मीनाला वाटलं, गप्प बसावं. पण जिभेला कधी कळलंय.

"सासू कंपनीच्या पगारावर असल्याने," ती हळू आवाजात म्हणाली, "ते पाणी कंपनीचंच."

शेठने ते जसंच्या तसं पुढे ढकललं. पलीकडून हशा ऐकू आला. फोन ठेवून त्यांनी देवरामला बाहेर पाठवलं; तो दाराआड, ऐकू येईल इतक्याच अंतरावर जाऊन उभा राहिला.

"अशी आणखी आहेत?"

"थोडी आहेत."

"पंख्यावर?"

मीनाने पाठकोऱ्यांचा गठ्ठा सारखा केला. शेठने वर पंख्याकडे पाहिलं, तांब्याखालचा ओला अर्ज ओढून काढला आणि पहिल्यांदाच वाचला. "पाचला जा. पण दर शनिवारी एक कागद लासलगावला गेला पाहिजे. खाली नाव माझं. आणि तू लिहितेस हे या खोलीबाहेर जायला नको."

"आणि चौथं कलम? मालकांना हसण्याचं?"

"राहू दे ते. त्याच्यामुळे खरं वाटतं."

दाराबाहेर देवराम म्हणाला, "मीनाताई, मिळाली ना परवानगी? मग तोंड का असं?"

"पुढच्या शनिवारचा विषय शोधतेय."

"अंघोळीवर लिहा," देवराम म्हणाला.

त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी रोशनीने आधी रंगूबाईंना शोधलं, मग आईला पाहून तिचा विश्वास बसेना. रस्ताभर ती मीनाच्या बोटाला लोंबकळत, उड्या मारत आली. घरी आल्या तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. कामाच्या दिवशी हे ऊन मीनाला कधी भेटलंच नव्हतं. तिने पिठल्यासाठी ऑफिसातले नमुन्याचे कांदे चिरायला घेतले. रोशनी पाटावर बसून शाळेतलं सांगत होती, सांगतच होती. ऐकता ऐकता मीनाच्या मनात आलं, उद्या पहाटे नळ खाकरेल तेव्हा आपण लिहीत असू ते आपलं नसेल. मग वाटलं, नसेना का, हे ऊन तर आहे. मग पुन्हा ती अंघोळ आठवली आणि हसूही आलं. सुरीखालचा कांदा धूसर झाला.

रोशनी बोलता बोलता थांबली. पाटावरून उठून जवळ आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिने आधी आईच्या एका डोळ्यात निरखून पाहिलं, मग दुसऱ्या.

"आई," ती म्हणाली, "हे कांद्याचं आहे की घरचं?"