खालच्या तीन कवळ्या

रॉयस हॅम्रिकला अकरा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारचे चार कोटी डॉलर परत भरायचा हुकूमही झाला. आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही.

हॅम्रिक आमच्या गावचा दातांचा डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांचा मालक. वेस्ट व्हर्जिनियात त्याचे एकोणीस दवाखाने होते. गरीब म्हाताऱ्यांच्या दातांचा खर्च सरकारी योजना करते आणि योजनेचा खर्च कर भरणारे करतात, ही व्यवस्था त्याला मनापासून आवडायची. एका माणसाच्या तोंडात त्याने कागदोपत्री एकसष्ट दात बसवले. तो माणूस आधीच वारलेला असल्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

माझ्या व्हर्लीन मावशीचे दात मात्र त्याच्याकडे खरोखर काढले. खालचे सगळे. कवळी पुढच्या आठवड्यात, म्हणाले. कवळी आली नाही, तिची बिलं तेवढी गेली. एक, मग दुसरं, मग तिसरं. सरकारने तिन्ही चुकती केली. मावशी चार वर्षं कुस्करलेला बटाटा आणि सफरचंदाचा गर खात राहिली.

खटल्यात तिची साक्ष झाली. तिने ज्यूरीपुढे तोंड उघडलं, तसा हॅम्रिकचा वकील ताडकन उठला.

"हरकत आहे! साक्षीदार काहीच दाखवत नाहीये!"

"तेच तर दाखवतेय," न्यायाधीश म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते आपण विसरलोय. पण तेव्हा योजनेने तिन्ही नोंदी खोडल्या आणि मावशीला नवी कवळी मंजूर केली. माप घेतलं. मंगळवारी बसवायची ठरली. मावशीने सोमवारी सकाळीच मक्याची सहा कणसं आणून ठेवली.

सोमवारी दुपारी राष्ट्राध्यक्षांनी हॅम्रिकला माफ केलं. संपूर्ण आणि बिनशर्त. तो सात आठवडे आत होता आणि तेवढ्यात त्याने उशी सपाट असल्याची तीनदा तक्रार केली होती. इकडे त्याची बायको राष्ट्राध्यक्षांच्या निधीसाठी ठेवलेल्या, माणशी दहा लाख डॉलरच्या एका जेवणाला जाऊन आली. जेवायला काय होतं ते तिला आठवत नाही. माफीनाम्यात लिहिलं होतं, हॅम्रिक यांनी देशाला हसू दिलं. चार कोटीही माफ.

"माफ म्हणजे कुणी भरले?" मावशीने विचारलं. ती चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात होती आणि दर पगारातून तिचा कर कापला जायचा.

"तू," मी म्हणालो. "थोडे मीही."

मंगळवारी दवाखान्यातून फोन आला की येऊ नका. कणसं मी खाल्ली. मग आम्ही योजनेच्या कचेरीत गेलो. तिथे ग्रीअर नावाच्या एक अत्यंत नम्र बाई होत्या.

"असं आहे आजी," त्या म्हणाल्या, "गुन्हा पुसला गेला, म्हणजे बिलं खरी ठरली. बिलं खरी, म्हणजे तुमच्याकडे खालच्या तीन कवळ्या आहेत."

"आ करते, बघा."

"नको नको! रुग्णाच्या तोंडात डोकवायची आम्हाला परवानगी नाही. गोपनीयतेचा नियम आहे."

"मग त्या तीन आहेत कुठं?"

"ते तुम्हीच सांगायचं. सांभाळायची जबाबदारी लाभार्थीची असते. आठ वर्षांत एकच मिळते, तुम्ही तीन घेतल्यात आणि आता चौथी मागताय. वाईट वाटून घेऊ नका, पण याला फसवणूक म्हणतात."

"मग टाका तुरुंगात. मलाही मिळेल की माफी."

ग्रीअरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही हो मिळत. तुमची कवळी बाराशे डॉलरची. एवढ्याशा रकमेला वर कोण विचारतंय?"

शनिवारी हॅम्रिकचं गावात स्वागत झालं. शाळेचा बँड होता, महापौर होते. ज्या मैदानावर स्वागत झालं तिथली हिरवळ गावाच्या खर्चाने कापली होती. भाषण संपवून तो गर्दीत उतरला आणि थेट मावशीपाशी येऊन त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"व्हर्लीन, मनात काही ठेवू नकोस. तू माझ्याविरुद्ध बोललीस, पण मी तुला माफ केलंय."

"फुकट?" मावशीने विचारलं.

तो हसला. मी मोजले. बत्तीस होते.

आम्ही घरी आलो. मावशी दार उघडून आत आली, कोट न काढताच टेबलाशी बसली.

"कोल्बी, कागद घे. सरकारी भाषेत लिही. रडगाणं नको."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं, ते असं:

"प्रति, माननीय राष्ट्राध्यक्ष. सरकारी नोंदीनुसार अर्जदारास खालच्या तीन कवळ्या करदात्यांच्या पैशातून देण्यात आल्या आहेत. नोंद चुकीची आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. तसे म्हणणे आता फसवणूक ठरते. अर्जदारास खालचा जबडा एकच आहे. तरी सदर तीन कवळ्यांपैकी कोणतीही एक, मापाची नसली तरी चालेल, अर्जदारास प्रत्यक्ष देण्यात यावी आणि उरलेल्या दोन विकून येणारी रक्कम सरकारी तिजोरीत भरून घेण्यात यावी, ही नम्र विनंती."