गिऱ्हाईक जातं कुठं

मामांच्या दुकानात खुर्च्या दोन होत्या आणि कात्री चालवणारे हात एकाच माणसाचे. भिंतीकडच्या दुसऱ्या खुर्चीवर नंबर लावलेलं गिऱ्हाईक बसायचं, म्हणजे मामांना एकाचे केस कापताना दुसऱ्याशी बोलता यायचं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. केस कापता कापता आपण या गल्लीतली लग्नं जुळवली, भाऊबंदकी मिटवली आणि एकाचं जुनाट पित्त नुसत्या सल्ल्यानं बरं केलं, असं मामांचं म्हणणं होतं. पित्तवाल्याचं म्हणणं कुणी विचारलेलं नव्हतं.

खुर्चीत माणूस बसला, पांढरा कपडा गळ्याभोवती आवळला, की मामांचा पहिला प्रश्न सुटायचा. ज्याच्या घरात जे अडलेलं असेल तेच नेमकं. "मुलीचं जमलं का?" "मुलगा चिकटला का कुठे?" "साहेबांशी अजून बोलणं बंदच का?" यात चोंबडेपणा नव्हता, निदान मामांना तरी तसं वाटत नव्हतं. त्यांना खरोखर काळजी वाटायची, आणि काळजी मनात ठेवण्याची त्यांना सवय नव्हती.

पण वर्षभरापासून दुकानाला ओहोटी लागली होती. समोर काचेच्या दारांचं नवं सलून निघालं आणि मामांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली. जागेचा करार पुढच्या महिनाअखेरीला संपत होता. तेवढ्यात मामींच्या भावानं निरोप धाडला, की दुकान सोडा, माझ्या गोदामात या, आल्यागेल्या मालाच्या पावत्यांवर सह्या करा, वर पंखा आहे. मामींना ते पटलं होतं. मामा नुसतं "बघू" म्हणाले. त्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाही म्हणायला लागतं ते बळ मामांच्या अंगात उरलेलं नव्हतं. गोदामात कात्रीचं काय काम, या एका विचारानं त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

त्यांची धाकटी मुलगी कॉलेजात व्यवसायाचं शिक्षण घेत होती. सुट्टीला घरी आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, निर्णय घ्यायच्या आधी संशोधन करू या."

"त्यात काय संशोधन करायचंय? समोर काचेचं दुकान निघालं, गिऱ्हाईक तिकडे पळालं. आंधळ्यालाही दिसतंय."

"ते उत्तर झालं. आधी प्रश्न ठरवायचा असतो. मग आपला अंदाज मांडायचा. मग कुणाला विचारायचं, कसं विचारायचं ते ठरवायचं. मग माहिती गोळा करायची, ती निवडायची आणि सगळ्यात शेवटी निर्णय."

"आमच्यात आधी निर्णय घेतात," मामा म्हणाले, "आणि मग जन्मभर त्याची कारणं गोळा करतात." हे बोलताना त्यांनी मामींकडे पाहिलं नाही, यात त्यांचा शहाणपणा होता.

प्रश्न ठरवण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. मामांचा प्रश्न होता, समोरचं दुकान बंद कधी पडेल. मामींचा प्रश्न होता, हा माणूस कुणाचं ऐकत का नाही. धाकटीनं दोन्ही बाजूला ठेवले आणि शेवटी ठरलं, की नेहमीची माणसं येईनाशी का झाली, एवढंच शोधायचं. मग अंदाज. मामा म्हणाले, गार हवा आणि दिव्यांचा झगमगाट. मामी म्हणाल्या, तुमचा हात मंदावलाय. धाकटीनं आपला अंदाज सांगितला नाही. तिनं चारपाच साधे प्रश्न कागदावर उतरवले आणि परीक्षेसाठी तिला परत जायचं होतं म्हणून विचारायचं काम मामांवर सोपवलं. इथेच ती चुकली.

परीक्षा आटोपून ती आली तेव्हा मामा दारातच उभे होते, चेहरा नुसता खुललेला.

"सगळे खूश आहेत. दुकान आवडतं का, तर आवडतं. कामात काही खोट, तर अजिबात नाही. दुसरीकडे जावंसं वाटतं का, तर छे, नावच नको. कळवून टाक तुझ्या मामाला, गोदाम तुझं तुलाच लखलाभ."

धाकटीला शंका आली. "एकानंही तक्रार केली नाही?"

"एकानंही नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"दाढी करताना. तेवढाच काय तो वेळ माणूस स्वस्थ असतो."

"म्हणजे वस्तरा हातात धरून?"

"मग काय चमचा धरून करतात दाढी?"

मामी आत भाजी चिरत होत्या. त्या सुरी घेऊन तशाच बाहेर आल्या आणि मामांच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. "अहो, कालची भाजी कशी झाली होती?"

मामांनी सुरीकडे पाहिलं. "छान झाली होती की."

"खारट झाली होती. मी उरलेली टाकून दिली."

मामा खाली बसले. गिऱ्हाइकाच्या गळ्याला पातं लावून दुकानाची तारीफ वदवून घेणारा संशोधक जगात आपणच पहिला असणार, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. एक जण तर प्रश्न संपायच्या आधीच "उत्तम, उत्तम" म्हणाला होता, तेही आठवलं.

"आणि दुसरं असं," धाकटी म्हणाली, "की तुम्ही आलेल्यांनाच विचारलंत. आपला प्रश्न न येणाऱ्यांचा होता."

"न येणाऱ्यांना कसं विचारणार? ते येतच नाहीत."

"म्हणून आपण जायचं. मी त्यांच्या घरी जाते. तुम्ही समोरच्या सलूनमध्ये जा. केस कापून घ्या, आणि तिथे काय काय होतं ते नुसतं पाहा."

हे मामांना झेपण्यासारखं नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांचे केस मामी कापत आल्या होत्या. मामा आरसा धरून सूचना करायचे आणि मामी त्यातली एकही न पाळता कात्री चालवायच्या. दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी डोकं दिलेलं नव्हतं. "जा की," मामी म्हणाल्या, "मला काही वाटायचं नाही." त्यांना वाटणार होतं हे आवाजावरून कळत होतं, पण मामा गेले.

समोरच जायचं म्हणजे रस्ता तो केवढा. पण तेवढ्यातही वह्यापेन्सिली विकणारा दुकानातून वाकून म्हणाला, "मामा, गोदामाचं काय ठरलं?" पुढे औषधवाल्यानं काउंटरवरून हाक मारली, "ठेवणार की सोडणार?" महिनाभर हेच चाललं होतं. दूध आणायला गेलं तरी तेच, दारात उभं राहिलं तरी तेच. विचारणाऱ्याचं काय जातं? मामांनी अलीकडे मागच्या बोळानं जायला सुरुवात केली होती आणि त्याचं कारण स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सलूनमधल्या कारागिरानं त्यांना खुर्चीत बसवलं. "बारीक की मध्यम?"

"मध्यम."

मामा पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. कारागीर आपला कापत होता. मामांनी आरशातून त्याचा हात तपासला. कात्री जरा वरून धरतोय, कानामागे घाई करतोय, कंगवा बरा चालतो. अजूनही प्रश्न नाही. याला गोदाम माहीत नव्हतं, करार माहीत नव्हता, मेहुणा माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायची याला इच्छाही नव्हती. हळूहळू मामांचे खांदे सैल पडले. थोड्या वेळानं आपले डोळे मिटलेले आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. महिन्यात पहिल्यांदा त्यांना कुणी काही विचारत नव्हतं आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, की इथून उठूच नये असं वाटलं. मग त्या वाटण्याची लाज वाटली.

डोळे उघडले तर शेजारच्या खुर्चीत ड्रॉइंगमास्तर. काळ्या केसांचे पांढरे होईपर्यंत ज्यांचं डोकं मामांनी सांभाळलं होतं, तेच. आरशात नजरानजर झाली आणि दोघांनीही शाळा बुडवताना पकडल्यासारखी नजर खाली घातली. मास्तरांचा मुलगा शिकूनसवरून कधीचा घरी बसला होता. सवयीनं मामांच्या जिभेवर आलं, चिकटला का मुलगा कुठे? तोंड उघडणार तोच त्यांना मास्तरांची मान दिसली. ती मान त्यांच्या बोटांना पाठ होती. ती ताठ झाली होती, आवळलेल्या मुठीसारखी. येणाऱ्या प्रश्नाची वाट बघत होती. आपल्या दुकानातही ती अशीच ताठ व्हायची आणि आपण म्हणायचो, मास्तर, मान जरा सैल सोडा. मामांनी प्रश्न गिळला आणि घरी आले.

संध्याकाळी धाकटीही सगळी घरं फिरून आली. ती बराच वेळ कागद पुढेमागे करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका."

"मी विचारतो म्हणून येत नाहीत," मामा म्हणाले.

तिनं चमकून वर पाहिलं.

"तुमच्या हाताची सगळ्यांनीच तारीफ केली," ती म्हणाली. "गार हवेचं कुणी नावही काढलं नाही. खरी गोष्ट सगळ्यांनी मी निघताना, दारात चप्पल घालताना सांगितली. एकीकडे मुलगी माहेरी परत आलीय. एकीकडे धंदा बुडालाय. ते म्हणतात, मामा मनानं चांगले आहेत, पण प्रत्येक वेळी तेच सांगायला नको वाटतं. तिकडे कुणी विचारत नाही."

मामांनी मान हलवली.

"पण अजून येतात त्यांनाही मी भेटले. दुकानाबाहेर, वस्तऱ्याशिवाय. तुम्ही का येता, विचारलं. ते म्हणाले, मामा विचारतात म्हणून. घरात आम्हाला कोण विचारतंय?"

मामींनी हिशेब केला. "म्हणजे ज्यासाठी येतात त्याचसाठी जातात. मग आता करायचं काय?"

"ते संशोधन सांगत नाही. निर्णय आपला आपण घ्यायचा."

"एवढी यातायात करून शेवटी धोंडा आमच्याच गळ्यात," मामा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी भिंतीकडची खुर्ची पुसून काढली, तिच्यासमोरच्या आरशाला एक पुठ्ठा लावला आणि त्यावर धाकटीकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं: या खुर्चीवर काही विचारलं जाणार नाही.

गल्लीला करमणूक झाली. औषधवाला म्हणाला, त्या खुर्चीवर आधी मामांनाच बसवा. काही दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मामींनी घेतला. "यांचं ठरलं का?" भावानं विचारलं. मामींनी बाहेर दुकानाच्या दिशेनं पाहिलं आणि "बघू" म्हणाल्या.

महिना संपत आला होता. जागेचे मालक उद्या उत्तर मागणार होते आणि मामांनी अजून होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. दुकान रिकामं होतं. दारात ड्रॉइंगमास्तर आले. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मामांनी कपडा बांधला, पाणी मारलं, कंगवा घातला. कात्री चालू झाली. सवय अशी लवकर मरत नाही. प्रश्न ओठापर्यंत यायचा, मामा खोकायचे. पुन्हा यायचा, मामा उगाच पाणी मारायचे. मास्तरांचं डोकं जरुरीपेक्षा जास्त भिजलं. पण मान सैल होती. इतकी सैल, की मामांना कात्री चालवताना भरून आलं.

डावी बाजू झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "काही विचारलं नाहीत."

मामांनी कात्रीनं पाटी दाखवली.

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं. मग उठले. गळ्याभोवती कपडा, अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच, खांद्यावर केस. तसेच चालत गेले आणि पाटी नसलेल्या खुर्चीवर बसले.

"विचारा," ते म्हणाले.

मामा कंगवा घेऊन मागोमाग आले. "मुलगा चिकटला का कुठे?"

"नाही."

एरवी इथे मामांकडे दोन कचेऱ्यांची नावं, एक ओळखीचे साहेब आणि स्वतःच्या पुतण्याची गोष्ट तयार असायची. या वेळी ते "बरं" म्हणाले आणि उरलेली बाजू कापायला घेतली. मग मास्तर आपणहून बोलायला लागले. पोरगा दिवसभर खोलीचं दार लावून बसतो, जेवायला बोलावलं तर 'नंतर' म्हणतो, त्याची आई दाराबाहेर ताट ठेवते. मामा ऐकत होते आणि कापत होते. मध्ये काही न विचारता त्यांनी कुणाचं इतका वेळ कधीच ऐकलं नव्हतं.

मानेवर पावडर टाकताना मास्तरांनी आरशात मामांकडे पाहिलं. "आणि तुमचं? दुकानाचं काय ठरलं?"

मामांचा हात थांबला. हाच प्रश्न चुकवायला ते महिनाभर मागच्या बोळानं जात होते. पण आता त्यांना कुठे पळून जावंसं वाटलं नाही.

"भीती वाटते, मास्तर," ते म्हणाले. "पण ठेवतोय."

"बरं," मास्तर म्हणाले आणि शेवटचे केस झटकायला त्यांनी मान पुढे केली.