डाव्या हाताची मूठ

गुरुवारी सकाळी बिंदुमाधव जे. पी. नगरच्या घरी कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या जॉयस्टिकसाठी लाकडी मूठ कानशीने घासत बसले होते.

"सुप्रीता, स्वल्प, जरासं धरून बघ गं," ते लेकीला म्हणाले.

"अण्णा, माझी मीटिंग आहे. खेळ नंतर!"

"खेळ? अगं, मागे तीनशे माणसं बसलीत!"

ती हसली आणि लॅपटॉपकडे वळली. शुक्रवारी पहाटे अण्णा झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर ती त्यांच्या खुर्चीत बसली. मूठ तिच्या उजव्या हातात बसेना. डाव्यात मात्र अलगद बसली. अण्णा तर सगळं उजव्या हाताने करायचे. लहानपणी ती डाव्या हाताने जेवू लागली, की हेच अण्णा बोटांवर पट्टी मारायचे.

तिने मूठ घट्ट धरली.

"अण्णा, तेव्हा फार दुखायचं हो," ती मोठ्याने म्हणाली. "आता नाही दुखत."